लाह्यांचं पाणी

आल्याचा तुकडा मोडला तरी त्याचे तंतू लगेच तुटत नाहीत; काही दोन्ही बाजूंना धरून राहतात. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात, चंद्रपूरजवळच्या मूल गावी, मी ते रोज सकाळी पाहत असे.

तिथल्या शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत होते. पहिलंच गरोदरपण. घरासमोर राइस मिल. पहाटे धान उकडायला लागलं की तो वास खोलीत शिरे आणि पोटात पाणीही टिकत नसे. शाळा बुडत होती. हे चंद्रपूरला नोकरीला, दर रविवारी येऊन विचारत, "राजीनामा देऊन नागपूरला आईकडे जातेस का?"

मी म्हणे, "बघू."

शेजारच्या रुखमाबाई त्याच मिलमध्ये पहाटपाळीला जात. आजाऱ्याला तिकडे देतात तशी त्यांनी उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळाची गरम पेज आणली. पातेल्याचं झाकण उघडताच मी मोरीकडे धावले.

"अवो माय! तो वासच तुमाले सोसत नाई, अन् मी तोच गंजात भरून आणला!" त्यांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवसापासून त्या मिलमधून आल्या की आधी अंघोळ करत, लुगडं बदलत, मगच माझ्या दारात येत. हातात लाह्या भिजवलेलं गार पाणी आणि आलं.

"हे अद्रक मूठभर चावा."

"मूठभर नको, जळजळ होईल. सुपारीएवढं पुरे."

परदेशात प्रवासातल्या मळमळीवर सुंठ देऊन पाहिली होती, तिचा उपयोग झाला होता, हे मी वाचलं होतं; त्यांनाही सांगितलं. गरोदरपणाबद्दल त्यात काही नव्हतं, म्हणून दवाखान्यात विचारून घेतलं. थोडं चालेल, म्हणाले.

"पुस्तकवाल्यायनं कसं पायलं वो बाई?"

"माणसांना खुर्चीत बसवून गरगर फिरवलं."

"मले इचारलं असतं तं फिरवाचं कामच पडलं नसतं!"

मळमळ पुरती गेली नाही. पण पाणी टिकू लागलं, मग वरणभात, मग मी सगळे तास घेऊ लागले. त्यात आल्याचा वाटा किती, लाह्यांचा किती आणि बदललेल्या लुगड्याचा किती, हे मला वेगळं करता आलं नाही. करावंसंही वाटलं नाही.

रविवारी ह्यांनी पुन्हा विचारलं. रुखमाबाई पेला घेऊन दारातच उभ्या होत्या, केस अजून ओले.

मी पेला घेतला आणि म्हटलं, "मी शाळा सोडणार नाही. बाळंतपणही इथंच, मूललाच."