देवमाशाच्या शेपटीचा तुकडा

समुद्र कोण घाण करतं ते आम्हाला शिकवायला अथांग सागर न्यासाची माणसं पुण्याहून दोन एसी बस भरून आली, आणि पहिल्याच दिवशी आमच्या गावाची रापण उचलून घेऊन गेली.

चोरली असं म्हणता येत नाही, कारण त्यांच्याकडे ग्रामपंचायतीचं पत्र होतं. ते पत्र मी टाईप केलं होतं. मी नाझमीन, पंचायतीत बारा वर्षं लिपिक आहे. सरपंच सह्या करतात आणि मी बाकीचं सगळं करते.

रापण म्हणजे काय ते पुण्याच्या माणसांना ठाऊक नसेल, तर त्याचा मला राग नाही. राग याचा आहे की त्यांनी विचारलंच नाही. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकत जाते आणि मग दोन्ही बाजूंचे दोर धरून पन्नास-साठ माणसं वाळूवरून ओढतात. आमच्या गावात हे जाळं एका कोणाचं नाही. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणलाय आणि ते तुकडे एकाला एक जोडलेत. ज्याचा तुकडा जाळ्यात, त्याला माशाचा वाटा. घरातला पुरुष गेला, म्हातारा झाला, बाई गुडघ्याने अधू झाली, तरी तुकडा जाळ्यात आहे तोवर टोपलीभर मासळी दारात येते. कुठल्या सरकारी योजनेला हे इतक्या वर्षांत जमलेलं नाही. तिथे निदान हयातीचा दाखला तरी मागतात.

मे महिन्याच्या शेवटी जाळं धुऊन, सुकवून, मांगरासमोर, म्हणजे होडी ठेवायच्या छपरासमोर, वाळूवर गुंडाळून ठेवतात आणि वर माडाच्या झावळ्या घालतात. राखण कोणी करत नाही. सगळ्यांचं जाळं कोण चोरणार? दहा रंगांच्या दोऱ्यांनी सांधलेलं, मासळीच्या वासाचं ते जाळं स्वप्ना मॅडमना सापडलं. स्वप्ना मॅडम म्हणजे न्यासाच्या अध्यक्षा. पांढरा सदरा, गळ्यात शिंपल्यांची माळ आणि हातात रबरी मोजे. आमच्या समुद्राला त्या उघड्या हाताने कधी शिवल्या नाहीत.

"केवढी भयंकर गोष्ट आहे ही," त्या कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "कासवांचे बळी घेणारं हे बेवारस जाळं!" निळ्या टी-शर्टातल्या चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पोत मावेना म्हणून त्यांनी जाळं कटरने कापलं. गावातले पुरुष त्या दिवशी कट्टा गावी लग्नाला गेले होते. परत आले तेव्हा वाळूवर झावळ्या तेवढ्या उरल्या होत्या, त्याही नीट रचून ठेवलेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव पंचायतीत. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, धोंडू टेबलावर मूठ आपटत होता. स्वप्ना मॅडमनी शांतपणे पर्समधून पत्र काढलं. "आमच्याकडे परवानगी आहे," असं म्हणाल्या आणि पत्र माझ्याच हातात दिलं. "वाचून दाखवा ना यांना."

मागे दाराशी विमलाकाकी उभी होती. साठीला आलेली, गुडघे गेलेले, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. एकच मुलगी, ती जामसंड्याला दिलेली. मुलगी चल म्हणते, पण जावयाच्या दारात बसून जेवणं काकीला जमत नाही. नवऱ्याच्या तुकड्याचा वाटा येतो, त्यातली मासळी ती तिठ्यावर विकते, उरलेली खाते. तिचं सगळं पोट त्या तुकड्यावर. मी रोज तिच्या अंगणातून पंचायतीत जाते. लहानपणी माझ्या आईला ताप आला की आमची चूल ती पेटवायची.

मी वाचलं, "किनाऱ्यावरील, विशेषतः रापणीच्या मांगरासमोरील, बेवारस जाळी उचलण्यास या कार्यालयाची हरकत नाही."

मांगरासमोरील. हा शब्द न्यासाने आधी पाहणी करून पाठवलेल्या मसुद्यात होता. शनिवार होता, दुपारी मालवणला जायचं होतं, माझी बोटं भरभर चालली होती. पण तो शब्द मी वाचला होता. बोटं थांबली सुद्धा होती, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग म्हटलं, मोठी माणसं आहेत, बघून घेतील. इतकीच माझी अक्कल. मी आजपर्यंत दुसऱ्यांच्या अकलेवर हसत आलेली बाई.

"बेवारस म्हणजे काय गो?" काकीने विचारलं.

"जेका कोण नाय ता," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. पदर खोचून निघून गेली.

मॅडमनी माफी मागितली नाही. "नजरचूक झाली" म्हणाल्या, आणि नजर नेमकी कोणाची ते हवेतच ठेवलं. मग त्यांनी जाहीर केलं की न्यास गावाला नवीकोरी रापण देणार. कारखान्यात बनलेली, सलग, एकसंध, आणि प्रत्येक तरंगत्या गोळ्यावर न्यासाचं नाव. धोंडूचा आवाज लगेच उतरला. मघापर्यंत ज्याच्या तोंडून आग निघत होती तो मॅडमना खुर्ची पुढे सरकवू लागला. हात ओले झाले की मैत्री होते म्हणतात. इथे तर हात ओले व्हायच्या आधीच झाली.

आणि चार दिवसांत त्याच्या डोक्यात हिशेब बसला. मांगरात बैठक बोलावली आणि म्हणाला, "आता जाळा एक आसा. तुकडे नाय. तेव्हा जो वडता तेका वाटो."

अकरा घरं एका वाक्यात गेली. सगळी विधवांची नाहीतर म्हाताऱ्यांची. बाकीचे पुरुष वाळूत बोटं खुपसून गप्प बसले. प्रत्येकाच्या वाट्यात आता चार मासे जास्त येणार होते ना. समुद्र वाचवायला आलेल्यांची मी काय चेष्टा करू? आमच्यातले हे वाघ तिथेच बसले होते.

"आनि माझो तुकडो?" काकी म्हणाली. "माझ्या घोवान विणलेलो."

"खंय आसा तुझो तुकडो? तुकडो नाय, वाटो नाय."

"मालवणाक आसा. त्या देवमाशाच्या आंगार."

माणसं हसली. देवमासा खरा नव्हता. आमच्या रापणीचे तुकडे शिवून न्यासाने तीस फुटांचा देवमासा केला होता आणि त्याच्या पोटात प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या होत्या. पर्यावरणाचा संदेश म्हणे. बाटल्या किनाऱ्यावर पुरेशा मिळाल्या नाहीत, म्हणून भंगारवाल्याकडून दोन पोती आणल्या, हे मला टेम्पोवाल्या जुबेरने सांगितलं.

"मगे जा आनि हाड," धोंडू हसत म्हणाला, म्हणजे जाऊन घेऊन ये. "हाडलंस तर जोडतंव. सगळ्यांच्या म्होरे सांगतंय."

जून महिन्याच्या आठ तारखेला मालवणात देवमाशाचं अनावरण होतं. आभाळ काळं झालं होतं, वारा सुटला होता, मंडपाचं कापड फडफडत होतं. मॅडमना मंचावर एक "स्थानिक मच्छीमार भगिनी" हवी होती, सत्काराला. धोंडूने काकीचं नाव दिलं. सत्कार केला की गप्प बसेल असं वाटलं असावं. आणि निवेदनाला मी, कारण मला प्रमाण मराठी बोलता येतं आणि पंचायतीने सांगितलं की मी नाही म्हणत नाही.

पाहुण्यांची भाषणं झाली. एका बिल्डरने समुद्र ही आपली आई आहे असं सांगितलं. त्याच्या हॉटेलचं सांडपाणी खाडीत कुठल्या पाइपातून येतं ते मंडपातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकाने टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, माइक काखेत धरून.

मग काकीला पुढे बोलावलं. साडी, श्रीफळ, न्यासाचं नाव छापलेली कापडी पिशवी. मॅडम म्हणाल्या, "दोन शब्द बोला ना, आजी."

काकीने साडीला हात लावला नाही. "माका साडी नको," ती म्हणाली. "त्या शेपटेत माझो तुकडो आसा. माझ्या घोवाचो. तो माका परत व्हयो."

समोरच्या रांगेतल्या दिल्लीच्या पाहुण्यांनी काय म्हणाली म्हणून विचारलं. मॅडम गोड हसल्या. "त्या म्हणतायत, हा देवमासा पाहून त्यांना आपल्या दिवंगत पतीची आठवण झाली." पुन्हा टाळ्या. मागून कोणीतरी डोळेही पुसले.

मला त्या बाईची अशी शिसारी आली म्हणून सांगू! तिची आली, धोंडूची आली, आणि टाळ्या वाजवून लाल झालेल्या माझ्या हाताची सर्वांत जास्त आली. मी माइक तोंडाशी धरला.

"तसं म्हणाल्या नाहीत त्या," मी म्हटलं. "त्या म्हणाल्या, हे जाळं बेवारस नव्हतं. गावाची चालती रापण होती. ती तुम्ही कापलीत. शेपटीतला तुकडा यांच्या नवऱ्याने विणलेला आहे, तो त्यांना परत हवाय. नाहीतर यांची चूल बंद होते."

मॅडम माझ्या जवळ येऊन दातांतून पुटपुटल्या, "तुमची नोकरी कंत्राटी आहे ना?" तोवर काकीने फीत कापायच्या तबकातली कात्री उचलली होती.

कोणी तिला अडवलं नाही. म्हातारी काय करणार असं वाटलं असेल, किंवा हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. ती गुडघे धरत शेपटीशी बसली आणि गाठी चाचपू लागली. काका डावखुरे होते, त्यांच्या गाठी उलट्या बसत. तिला बघावं लागत नव्हतं. न्यासाने शिवलेला टाका न टाका तिने कापला, काकांच्या एकाही गाठीला कात्री लागू दिली नाही. छायाचित्रकार धावले. एक मुलगी म्हणाली, "वॉव, पारंपरिक कला!"

शेपटी सुटली तसं देवमाशाचं पोट उघडलं. बाटल्या घरंगळल्या, वाऱ्याने उचलल्या, मंडपातून रस्त्यावर, रस्त्यावरून व्हाळाच्या पाण्यात. निळे टी-शर्टवाले त्यांच्यामागे धावत सुटले. न्यास आल्यापासून तेवढंच काय ते खरं काम त्यांनी केलं असेल. बिल्डर छत्री उघडून गाडीत जाऊन बसला. काकीने तुकड्याची घडी घातली, डोक्यावर घेतली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली.

पुढच्या आठवड्यात बाकीच्या दहा जणीही मालवणला जाऊन आल्या. कोणाला अर्धा तुकडा मिळाला, कोणाला हातभर. न्यासाने तक्रार केली नाही. उघडं पडलेलं पोट वर्तमानपत्रात छापून यावं असं त्यांना वाटत नसावं. माझी नोकरीही राहिली, कारण सरपंचांना सह्यांखेरीज काही येत नाही. पावसाळाभर काकी ओटीवर बसून तुकडा सांधत होती. मी रोज तिच्या अंगणातून जायची. "काय काकी?" म्हणायची. ती मान हलवायची.

नारळी पौर्णिमा झाली. नवी रापण मांगरात आली, कारखान्याच्या वासाची. काकी आपला तुकडा घेऊन आली आणि नव्या रापणीच्या एका टोकाला जोडायला बसली.

"अगो, ती मस्करी हुती," धोंडू म्हणाला.

काकीने मान वर केली नाही. "सगळ्यांच्या म्होरे सांगितलंस." सुई चालत राहिली. मागे दहा जणी आपापले तुकडे घेऊन उभ्या होत्या. धोंडूने पुरुषांकडे बघितलं. पुरुषांनी समुद्राकडे बघितलं. शेवटी एकाने तुकडे बांधायला दोर उचलला आणि विषय संपला. शूरपणा म्हणावा असं त्यात काही नव्हतं, फक्त त्या बाईकडे बघवेना इतकंच.

पहिल्या ओढीला बांगडा चांगला लागला. वाटे पडले. काकीला तिची टोपली मिळाली. आमच्याकडे पहिल्या वाट्यातली मूठभर मासळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायची रीत आहे. काकीने समदच्या बायकोला दिली, नर्मदेला दिली, दोर ओढून दमलेल्या धोंडूच्या सुनेलासुद्धा दिली. मी पातेलं पुढे केलं. मला वाटलं होतं, मालवणात मी जे केलं त्याने फिटलं असेल.

"तुका इकत," काकी म्हणाली. "शंभराक चार."

मी पातेलं मागे घेतलं नाही.

"काकी, मी थंय माइकार सगळा खरा सांगितलंय गो."

"सांगितलंस." ती बांगडे मोजत होती. "पन माझ्या आंगणातसून जाता येता वर्षां झाली तुका. ता जाळा कोणाचा ता पुण्याच्या लोकांका ठावक नाय हुता. तुका हुता."

मी शंभराची नोट दिली. तिने नोट नीट घडी करून कमरेला खोचली, चार बांगडे मोजून माझ्या पातेल्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.