शिक्का कुठं मारू?

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. नारायण पेठेतल्या एका लायब्ररीच्या लोखंडी कपाटात राहते. राहते कसली, कोंडलीय मला!

पुण्यात कॉम्प्युटरचं नवं वारं होतं, तेव्हा मी कुरियरनं आले. पोटात शेतीवरचे जगभरातले लेख. सगळ्यांनी हातात धरून माझ्यात तोंडं बघून घेतली. मग शिपाई सीतारामनं विचारलं, "बाई, शिक्का कुठं मारू?"

ग्रंथपाल सत्यशीलाबाईंनी मानही वर केली नाही. "आज नवीन लागलात का कामाला? पहिल्या पानावर आणि आतल्या पानावर."

"अहो, ह्याला पानंच नाहीत."

"मग दोन्हीकडून मारा. दाखल नंबरही टाका. पेन दाबून, पुसला जाता कामा नये."

अरे, माझी चकचकीत बाजूच तर मशीन वाचतं! पण सीडीला ओरडता कुठं येतं? सीतारामनं शिक्का मारला, पेन दाबून नंबर टाकला. बाईंनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग सुरू झाल्या मीटिंगा. दुसऱ्या लायब्रऱ्यांतलेही लोक यायचे. सीडी म्हणजे पुस्तक की वस्तू? घरी द्यायची का? कुणी कॉपी केली तर जबाबदार कोण? चहा यायचा आणि विषय पुढच्या मीटिंगला जायचा. मी आतून ऐकून नुसती चिडायची. एकदा मशीनमध्ये घालून तर बघा!

अशी वर्षं गेली. एक दिवस हडपसरहून पूर्णिमा आली. शेतकी कॉलेजात शिकणारी. कांद्यावर पडणाऱ्या करपा रोगाचा एक लेख तिला हवा होता, आणि तो फक्त माझ्यात होता. लेख नाही तर प्रोजेक्ट नाही, प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं.

"मीटिंगमध्ये ठरेल," बाई म्हणाल्या.

"मग मी इथंच बसते. ठरलं की उठवा."

बसली की हो, मीटिंगच्या दारातच! चहावाल्याला तिला ओलांडता येईना. चहा अडला, तेव्हा कुठं ठरलं.

कुलूप उघडलं. मशीन घरघरलं आणि बंद पडलं. पूर्णिमानं मला उलटं केलं. शिक्का! तिनं ओढणीनं हलकेच पुसला. शाई गेली. मला पुन्हा मशीनमध्ये घातलं. लेखांची नावं दिसली, तिच्या लेखाचंही. ती खुर्चीतून उठलीच. पण लेख उघडेना. दाबलेल्या पेनाचा ओरखडा नेमका तिथंच होता.

"चोरीला जाऊ नये म्हणून हो…" बाई पुटपुटल्या.

"नाही ना गेली," पूर्णिमा म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली. तिचं वर्ष गेलं.

बाईंनी मला डबीत घातलं आणि पुन्हा कुलूप लावलं.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती कशानं चालते, ते आधी विचारा, आणि मग तिला हात लावा. पूर्णिमाचा लेख अजून माझ्या पोटात आहे. मला तो कुणालाच देता येत नाही.