सेलकूथ कशाला म्हणायचं

माझ्या शिकवणीची एक रीत आहे. फळ्यावर मी एखादा जुना, वापरातून गेलेला इंग्रजी शब्द लिहिते. जो कुणी तो शब्द योग्य जागी वापरेल, त्याला बाकीची मुलं ‘पटलं’ म्हणतात. मग खडू त्याच्या हातात आणि शब्द त्याचा.

त्या आठवड्याचा शब्द होता ‘सेलकूथ’. त्यात दोन जुने तुकडे आहेत, एक ‘क्वचित’ आणि दुसरा ‘ओळखीचं’. सहसा पाहायला मिळत नाही आणि मिळालं की माणूस थक्क होतो, ते सेलकूथ.

“बाई, आज मी न सांगता दात घासले. सेलकूथ!” वकील म्हणाला. त्याचं तोंड असं चालायचं की खरं नाव सगळे विसरले होते.

“नाही पटलं! वास येतोय अजून!”

मनी नुसती हसली. शिकवणीला आल्यापासून तिने एकही शब्द मिळवला नव्हता, कारण ती बोलायचीच नाही. तिच्या आईचं शिलाईचं दुकान माझ्या खिडकीसमोरच आहे. सकाळीच आई मला सांगून गेली होती, “राग मानू नका बाई, पण पोरीच्या तोंडातून चकार शब्द निघत नाही. दुपारी घेऊन जाते. माझ्याजवळ काजं-बटणं तरी शिकेल.” मनीने ते ऐकलं होतं. तिने मांडीवरचं दप्तर खाली ठेवलंच नाही.

दुपारी वाऱ्याने धूळ आत यायला लागली, म्हणून मी खिडकीची लाकडी दारं लावून घेतली. एका दारातली गाठ निखळून तिथे वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. दिवा लावायला उठले, तोच मनीने माझा हात घट्ट धरला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

पांढऱ्या भिंतीवर आमचा रस्ता होता. अख्खा, रंगांसकट आणि उलटा. आभाळ खाली फरशीपाशी, झाड वरून लोंबणारं, आणि छताजवळून एक सायकल चाकं वर करून निवांत चाललेली. वकील मान उलटी करून बघायला लागला.

“उजेड सरळ रेषेत चालतो,” मी हळूच म्हटलं. “वरचा त्या भोकातून खाली येतो, खालचा वर जातो. एवढंच.” एवढंच म्हणताना माझीही नजर भिंतीवरून हटत नव्हती.

मग दुकानातून एक बाई निघाली. गळ्यातली टेप छताकडे लोंबत होती. भिंतीवरून ती आमच्याकडे येऊ लागली, मोठी होत गेली आणि कडेला दिसेनाशी झाली. दारावर थाप पडली.

“आई, दार पूर्ण उघडू नकोस!” मनी केवढ्यांदा ओरडली. “उजेड आला की रस्ता जाईल! फटीतून ये, पटकन!”

आई घाबरून आत शिरली. मनीने दार लोटलं, तिला भिंतीसमोर उभं केलं. “तू आत्ता इथून चालत आलीस. डोकं खाली, पाय वर. तुला मी रोज बघते, पण अशी कधीच नाही.” तिने श्वास घेतला. “आई, तू सेलकूथ होतीस.”



“पटलं,” वकील कुजबुजला.

मनीने दप्तर खाली ठेवलं आणि खडूसाठी हात पुढे केला.

“अगं बाई,” आई भिंतीकडे बघत पुटपुटली, “दुकानात गिऱ्हाईक आलंय. उलटं!”

“मग जातेस?” मनीने विचारलं.

आई लेकीच्या रिकाम्या जागेवर बसली.

“थांबेल ते,” ती म्हणाली. “तू लिही आधी.”