काळ्या फ्रेमचा आवाज

तुकिरानने हारजोनो गुरुजींच्या जुन्या सायकलच्या काळ्या फ्रेमवर पान्याने ठोकून पाहिलं आणि पुन्हा एकदा ठोकलं. पोलाद खणखणायला हवं. हे तडकलेल्या मडक्यासारखं बद्द वाजलं. हँडलखालच्या जोडापाशी त्याने रंग खरवडला. खाली केसाएवढी चीर होती. नळी आतून गंजून पातळ झालेली, म्हणजे डाग देऊन सांधूनही उपयोग नव्हता.

शेजारी निळी फ्रेम टांगलेली होती, तीही पोलादीच. गुरुजींच्याच मापाची ही फ्रेम त्याने दोन महिने खपून जोडली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्यांनी त्याला शाळेत अक्षरं शिकवली, ते सत्तराव्या वर्षी सामान लादून एकटेच सायकलने दिएंगच्या डोंगरावर निघाले होते, आणि तिथला उतार भल्याभल्यांना घाम फोडतो.

गुरुजी दुपारी आले. "झाली का रे तयारी?"

"पाक गुरू," तुकिरान आदराने म्हणाला, "ही निळी जरा बघता का? नवी आहे, मजबूत आहे."

"निळी? मी काय कॉलेजात चाललोय?" गुरुजी हसले आणि काळ्या नळीवरून हात फिरवत राहिले. "तुझ्या गुरुमाई त्यांच्या सायकलवर, मी हिच्यावर. तीस वर्षांपूर्वी असेच गेलो होतो दिएंगला. आता त्या नाहीत, ही आहे. हीच न्यायची. टिकेल ना?"

"इंगिह," तुकिरान म्हणाला.

इंगिह म्हणजे हो. इंगिह म्हणजे नुसतं 'ऐकलं' असंही. वडीलधाऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणायला मुन्तिलान गावात कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून शब्द जरा लांबवायचा, मान खाली घालायची, पुढचं समोरच्याने ओळखायचं. तुकिरानने लांबवला होता, मानही घातली होती. गुरुजी ओळखतील असं त्याने गृहीत धरलं. काही बिघडलं असतं तर पोराने सांगितलंच असतं, असं गुरुजींनी धरलं. अशा दोन शहाण्यांपुढे बिचारी चीर काय करणार!

"तोंडात टेम्पेचा तुकडा कोंबला होता का?" गुरुजी गेल्यावर सुमिराह नवऱ्यावर उखडली. "फ्रेम तडकलीय, एवढं सांगता येईना?"

"कळलं असेल त्यांना."

"कळलं असतं तर काळीलाच चाकं लावायला सांगून गेले असते?"

तुकिरानने चाकं लावली. प्रत्येक नट आवळताना त्याला स्वतःची लाज वाटत होती.

शनिवारी सकाळी गुरुजी सायकलवर बसले, तेव्हा त्याने हँडल धरून ठेवलं.

"पाक गुरू, जोड... जुना झालाय. उतारावर तरी उतरून चालत या. एवढं ऐका माझं."

गुरुजींची नजर खरवडलेल्या जागेवर गेली. तिथेच थोडा वेळ थांबली. मग त्यांनी त्याची बोटं हळूच सोडवली, मान खाली घातली आणि शब्द लांबवत म्हणाले, "इंगिह."

आजवर ते त्याला 'बरं रे' म्हणत. इंगिह हा शब्द खालच्याने वरच्याला म्हणायचा असतो; गुरू शिष्याला तो म्हणत नाही.

सायकल वळणाआड गेली. सुमिराह झाडू घेऊन बाहेर आली.

"सांगितलं ना? काय म्हणाले?"

"इंगिह म्हणाले. लांबवून, मान खाली घालून."

झाडू बाजूला ठेवून ती पायरीवर खाली बसली.