जमाई येतायत

ताटावरून मान वर करा जरा. मी बोलतेय, तुपाची वाढी. तोटी असलेलं, आतून कल्हई केलेलं पितळी भांडं. राजकोटच्या एका भोजनशाळेत मी आयुष्य काढलंय आणि तुमच्यासारखे पुष्कळ जबडे जवळून पाहिलेत. कुणाबद्दल फार चांगलं बोलता येणार नाही, आधीच सांगते.

माझा जन्म सिहोरचा. कासार कामाला चोख होता, पोट ऐसपैस ठेवलं त्याने माझं. मग भोजनशाळेचे मालक जमनादास शेठ आले. त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "तोटी बारीक कर. धार लांब दिसली पाहिजे, पडली कमी पाहिजे." कासाराने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि केली बारीक. म्हणजे जगात आल्या आल्या माझा गळा आवळला तो या माणसाने.

आमच्याकडे पैसे दारातच द्यायचे, मग हवं तितकं खायचं. भिंतीवर शेठनी रंगवून घेतलंय, 'पोटभर जेवा, लाजू नका.' गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की ते हात जोडून 'आपलंच घर समजा' म्हणतात. आणि पहिला घास तोंडात गेला की त्यांचे डोळे त्या घासामागोमाग घशात उतरतात.

वाढप्यांचा मुकादम देवशीभाई. केस पिकले, तोंड नाही सुधारलं. गिऱ्हाईक हात धुवायला उठलं की याचं सुरू. हा जेवायला नाही, गोदाम भरायला आला होता. तो दिसतो काडी, पण आत भट्टी आहे. त्या बाईंना साखरेचं पथ्य, म्हणून भात नको म्हणाल्या आणि बासुंदीचं पातेलं पुसून गेल्या. बाकीचे वाढपी फिदीफिदी हसायचे. स्वतः हेच लोक दुपारी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या काय चेपतात, ते मला विचारा.

बरं, टोमण्यातही न्याय नाही. बाजारातला हमाल पोटभर जेवला की राक्षस. सराफ रसिकभाई त्याच्या दुप्पट खातात, ते मात्र खाण्याचे शौकीन.

गिऱ्हाइकासमोर हे सगळं बोलता येत नाही, म्हणून शेठनी एक शब्द काढून दिला होता. जमाई. का, तर जावई सासऱ्याकडे येतो, खातो, ढेकर देतो आणि जातो. कुणी दांडगा खाणारा दारात दिसला की शेठ गल्ल्यावरून हाक द्यायचे, "देवशी, जमाई येतायत. नीट लक्ष ठेव." मग नीट लक्ष ठेवलं जायचं. आधी ताकाचे पेले, एकामागून एक. मग ढोकळ्याचा डोंगर. रोटीवाला लांबच्या टेबलांना प्रदक्षिणा घालून यायचा. आणि देवशीभाई माझ्या तोटीवर अंगठा दाबून धरायचा. मी वाकायची, धार लागल्यासारखी दिसायची, पडायचे थेंब. गिऱ्हाईक म्हणायचं, बस बस. मला लाज वाटायची, त्यांना नाही.

शेठची मुलगी उर्वी. कॉलेज झालं, आता दुपारी गल्ल्यावर तीच बसते. तिच्यासाठी जेतपूरचं स्थळ आलं होतं. मुलगा धृमिल, घरचा साड्या छापायचा कारखाना. दोनदा भेटले होते. फोनवर त्याच्याशी बोलताना उर्वीचा आवाज बदलायचा, हे गल्ल्याशेजारी बसून मी ऐकलंय. आवडला होता तो तिला. पण होकार दिला नव्हता. म्हणाली, एकदा आपल्याकडे जेवायला येऊ देत, मग सांगते. शेठना घरी पंगत मांडण्यापेक्षा हे बरंच वाटलं. हॉल आहेच की, म्हणाले.

त्या दिवशी उर्वी आईबरोबर घरी तयार होत होती. धृमिल आणि त्याचे वडील गोरधनभाई ठरल्या वेळेआधीच पोचले. शेठनी त्यांना दारातून आत आणलं, खिडकीपाशी बसवलं आणि मुलीला आणायला निघाले. जाता जाता घाईत हाक दिली, "देवशी, जमाई येतायत. नीट लक्ष ठेव."

बघा म्हणजे. स्वतःच्या शब्दाला खरा अर्थही असतो, हेच हा माणूस विसरला होता.

देवशीभाईने नीट लक्ष ठेवलं. ताक आलं. पुन्हा ताक आलं. ढोकळा आला. गोरधनभाईंनी तूप मागितलं, त्यांना थेंब मिळाले. रोटी मागितली, ती शेकली जात होती. पुन्हा मागितली, ती अजून शेकलीच जात होती. धृमिल मान खाली घालून ढोकळा चिवडत होता. गोरधनभाईंनी तिसऱ्यांदा हात वर केला, तेव्हा देवशीभाई रोटीवाल्याच्या कानाशी लागला. पण त्याचं कानाशी लागणं म्हणजे अर्ध्या हॉलला ऐकू जाणं.

"जमाई आहे तो. पोट नाही, विहीर आहे. हात आवर."

नेमके त्याच वेळी शेठ उर्वीला घेऊन आत आले. गोरधनभाई उभे राहिले.

"जमनादासभाई, आम्ही कोण ते तुमच्या माणसांना माहीत आहे. जमाई म्हणाले याला. तरी विहीर म्हणाले."

शेठ देवशीभाईवर धावून गेले. तो गोंधळून म्हणाला, "शेठ, तुम्हीच तर सांगितलंत."

इथे गप्प बसायचं असतं. पण वय वाढलं की गप्प बसणं जमत नाही काही लोकांना. शेठ हात जोडून म्हणाले, "गैरसमज झाला, भाई. आमच्याकडे जमाई म्हणजे खादाड माणूस. हे तुम्हाला नव्हतं. म्हणजे तुम्हालाच होतं, पण त्या अर्थाने नव्हतं."

मग कोपऱ्यातून सराफ रसिकभाईंचा आवाज आला, "मग मला पाहून रोज जमाई म्हणतात, ते?" बिचारे ते प्रेम समजत होते. म्हणजे शौकीनबिकीन नुसतं म्हणायला, हिशेबात तेही जमाईच.

शेठनी देवशीभाईला तिथल्या तिथे कामावरून काढलं. उर्वी म्हणाली, "त्यांना कशाला काढता? शब्द तुमचा आहे, पप्पा." गोरधनभाई तोवर दारापर्यंत गेले होते. धृमिल त्यांच्या मागे. उर्वीने त्याला थांबवलं.

"तुम्ही इतका वेळ उपाशी बसलात. एकदाही मागितलं नाहीत?"

तो म्हणाला, "पप्पा मागत होते ना."

उर्वी दारातून बाजूला झाली. तो गेला.

चार दिवसांत देवशीभाई परत आला, कारण तेवढ्या पगारात दुसरा कुणी मिळेना. पंधरवड्याने गोरधनभाईंचाही राग उतरला. निरोप आला, झालं गेलं विसरू, मुलीचं काय ते कळवा. शेठनी पेढे आणायला माणूस धाडला. उर्वीने त्याला अर्ध्या वाटेवरून माघारी बोलावलं. म्हणाली, धृमिलला एकटं येऊ दे जेवायला.

तो आला. दारात पैसे दिले, खिडकीपाशी बसला. उर्वीने वाढप्यांना सांगून ठेवलं होतं, ताटात एक रोटी, एक भाजी वाढा आणि मागेल ते द्या. मला तिने तुडुंब भरलं आणि त्याच्याच टेबलावर ठेवलं. मी बघत होते. रोटी कोरडी होती. घास त्याच्या घशात अडकत होता. एकदा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा. मग आजूबाजूला बघितलं, कुणी वाढतंय का. कुणी येत नाही म्हटल्यावर पाण्याबरोबर ती रोटी गिळली आणि उठला.

गल्ल्यावर उर्वी पेन हातात धरून बसली होती.

"छान होतं जेवण," तो म्हणाला.

"पुन्हा या," ती म्हणाली. हे ती सगळ्यांनाच म्हणते.

माझं अजून तेच चाललंय. कल्हई उडालीय, तोटी चेपलीय. वाढपी आता जमाई म्हणत नाहीत, शेठनी नवा शब्द दिलाय. तो मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हालाच लागू पडला तर उगाच जेवण जायचं नाही. एवढंच करा. भूक असेल तर मागा. मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने मागा. लोक मागून काय बोलायचं ते बोलतीलच. न मागणाऱ्यालाही इथे कुणी सोडलेलं नाही. त्या दिवशी धृमिल गेल्यावर देवशीभाई त्याचं ताट उचलताना म्हणाला होता, "याला भूकच नव्हती." आणि गल्ल्यावरून उर्वी म्हणाली, "होती, काका."