कोपरावरची वाटी

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेतला सांगाडा धाडकन पडला आणि विज्ञानाच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. याच तपासणीवर त्यांची नोकरी कायम व्हायची होती. शेवटी त्यांच्या शिंपी नवऱ्याने सगळी हाडं तारेने झकास जोडून दिली.

सकाळी साहेबांनी चष्मा सावरला. "बाई, गुडघ्याच्या वाट्या कोपरांवर कशा?"

मनात देवाचा धावा करत बाई वर्गाकडे वळल्या. "सांगा मुलांनो, काय चुकलंय?"

"वाटी गुडघ्याला हवी! पाय ताठ करताना स्नायूला तिचा जोर मिळतो!" वर्ग गरजला.

साहेब बेहद्द खूश! बाई कायम झाल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं. "अहो, कोपरावर वाट्या?"

"अगं, बाही आधी कोपरावरच विरते ना? म्हणून ठिगळं लावली!"