विनफिल्ड कारखान्याचं शेवटचं इंजिन

मी विनफिल्ड कंपनीचं विमानाचं इंजिन बोलतोय. मला भंगार म्हणू नका. बंद असणं वेगळं आणि मरणं वेगळं.

न्यू जर्सीत नदीकाठी आमचा कारखाना होता. आधी तिथे पितळी दिव्यांच्या मोटारी बनायच्या. पहिलं महायुद्ध पेटलं आणि मालकाने मोटारी थांबवून विमानांची इंजिनं बनवायला घेतली. त्यात सगळ्यात शेवटी मी. खोक्यात भरलं, तोवर युद्धच संपलं. सरकारने ऑर्डर रद्द केली. कंपनी पुन्हा मोटारींकडे वळली आणि मंदीत बुडाली. मला एका शेतकऱ्याने कोठारात नेलं आणि माझ्यावर घोड्याचं खोगीर ठेवलं. आकाश मी कधी पाहिलंच नाही.

कित्येक दशकांनी तिथून मला श्रीरंगने सोडवलं. न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर गावच्या चारुदत्त आणि सरला यांचा हा थोरला मुलगा. गॅरेजमध्ये लोखंडी स्टँडवर बसवून त्याने माझा एकेक भाग उघडला, पुसला, जोडला. दसऱ्याला सरला घरच्या टोयोटाबरोबर मलाही हळदकुंकू लावायची.

"हे चालत पण नाही रे. याची कसली पूजा?"

"चालेल, आई."

एकोणीसशे शहाऐंशीच्या हिवाळ्यात बर्फावरून त्याची गाडी घसरली. श्रीरंग परत आला नाही.

चारुदत्तने गॅरेजमध्ये पाऊल टाकणं सोडलं. मला म्युझियमला द्यायचं ठरवलं. म्युझियमवाले माझे सिलिंडर कायमचे बुजवणार होते. "चालत नाही ते. ठेवून काय करायचं?" एवढंच तो म्हणाला. ट्रक नेमका दसऱ्याला येणार होता.

त्या सकाळी धाकटा गिरीश झेंडूची फुलं घेऊन आला. शाळा त्याने अर्ध्यात सोडलेली, हात कायम काळे.

"गिरीश, यंदा आपल्याकडे सण नाही," सरला म्हणाली. "दादाला अजून वर्ष व्हायचंय."

"वर्ष आपण पाळतोय ना? इंजिनाने कशाला पाळायचं?"

त्याने स्वतःच मला झेंडू वाहिला, कुंकू फासलं, पेट्रोल भरलं आणि हँडल मारलं. मी उलटा झटका दिला. तो भिंतीवर आदळला.

"कम ऑन यार! दादाने एवढं केलं तुझ्यासाठी!"

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. गिरीशने पुन्हा हँडल धरलं.

"हँडलभोवती अंगठा गुंडाळू नकोस, गाढवा! हात मोडेल!" दारात चारुदत्त उभा होता, पायात सपाता.

"मग दाखवा ना, बाबा! नुसते ओरडताय काय?"

चारुदत्त आत आला. मुलाच्या बोटांशेजारी त्याने आपली बोटं ठेवली. दोघांनी मिळून ओढलं.

मी पेटलो. आठही सिलिंडर. झेंडूच्या पाकळ्या छताला चिकटल्या, गॅरेजभर धूर झाला. सरला पदर डोळ्यांना लावून दारात उभी राहिली.

"ट्रक कॅन्सल कर!" चारुदत्त माझ्या आवाजावर ताण करून ओरडला. "सांग त्याला, इंजिन बिझी आहे!"

श्रीरंगला हे ऐकू गेलं, अशी खोटी समजूत मी कुणाची घालणार नाही. नाही गेलं. त्याचाच तर राग आहे मला. म्हणून मी दर रविवारी गरजतो. शेजारी तक्रार करतात, करू देत. मला बघायचं असेल तर या. पण गप्प राहा म्हणायला येऊ नका.